वैशाखातली सायकल : ऊन अंगावर न घेता रान कसे गाठावे



गळीत हंगाम संपला की कारखान्याचा भोंगा शांत होतो, पण सभासदाची सायकल काही शांत होत नाही. खोडव्याला पाणी द्यायचे, पाचट सरीत दाबायचे, सुरू लागणीत खोडकीड किती लागली ते बघायचे, सोसायटीत आणि बँकेत खेटे घालायचे, पोरीचे लग्न असले तर पत्रिका वाटायच्या. ही सगळी कामे नेमकी चैत्र-वैशाखात येतात. त्याच दिवसांत आपल्या नांदेड-लातूर भागात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाऊन बसतो. म्हणून या अंकात उसाच्या पाण्याबरोबर ऊस लावणाऱ्याच्या अंगातल्या पाण्याचाही विचार करावा, असे आम्ही ठरवले.

कोणी म्हणेल, "साहेब, आता घरोघर मोटारसायकली झाल्या. सायकलचं काय घेऊन बसलात?" म्हणणे खोटे नाही. आमच्या शेतकी खात्यातली जुनी मंडळी सायकलवर गट फिरली, त्यांना सायकल भत्ता मिळे; आता चिटबॉयसुद्धा गाडीवर फिरतो. पण सकाळी कोणत्याही गावच्या फाट्यावर घटकाभर उभे राहून बघा. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल जाते, विळा-खुरपे कॅरिअरला अडकवून मजूर जातो, साठी ओलांडलेला सभासद धोतराचा सोगा सावरत रानाकडे निघतो. मानव विकास कार्यक्रमातून नांदेड जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, त्याही रस्त्यावर दिसतात. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून तर माळ्यावर टाकलेल्या कितीतरी सायकली खाली आल्या. सायकल गेलेली नाही. ज्याच्याकडे दुसरे साधन नाही त्याच्याकडे ती आहे, आणि भर उन्हात बाहेर पडल्याशिवाय ज्याचे भागत नाही तो बहुधा हाच माणूस असतो.

दुपारी बाराची लाईट

उन्हात जाऊ नका, हे सांगायला आमच्यासारख्या अधिकाऱ्याची गरज नाही; ते घरातली म्हातारी माणसे रोजच सांगतात. तरीही माणूस जातो, कारण शेतीपंपाची थ्री-फेज लाईट पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. दिवसपाळीत लाईट आली की सभासद जेवण अर्धे टाकून सायकलला टांग मारतो. "कुठं निघालात ओ मामा एवढ्या उन्हाचं?" म्हटले की उत्तर ठरलेले : "मोटार चालू करायला जायलोय, लाईट आली बघा." एक बटण दाबण्यासाठी तीन किलोमीटर जायचे आणि तीन किलोमीटर यायचे. मध्येच लाईट गेली तर पुन्हा तीच चक्कर.

या फेऱ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. पाण्याच्या फेऱ्यांचाही कोणी मांडत नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हँडलला आणि कॅरिअरला घागरी बांधलेल्या सायकली गल्लोगल्ली दिसत होत्या. त्याच महिन्यात शेजारच्या बीड जिल्ह्यात हातपंपावरून पाण्याच्या खेपा करणारी बारा वर्षांची एक मुलगी उन्हाने गेली. अंतर फार नव्हते, काम नेहमीचेच होते. पण भर उन्हात एकामागून एक खेपा झाल्या. पुढे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात चौदा माणसे उष्माघाताने दगावली. ती माणसे तर नुसती बसलेली होती. मग पॅडल मारणाऱ्याने किती सांभाळले पाहिजे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

कारखान्यामागचे फवाऱ्यांचे तळे

अंग कसे तापते आणि कसे निवते, हे आपल्या सभासदांना समजायला अवघड नाही. आपल्या कारखान्यामागे फवाऱ्यांचे तळे आहे ना? कंडेन्सरचे गरम पाणी तिथे हवेत उडवतात, त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते आणि बाकीचे पाणी थंड होऊन परत कामाला येते. आपले अंग हेच करते. फवाऱ्याच्या जागी घाम आहे, एवढाच फरक.

सायकल चालवताना अन्नातून जी शक्ती निघते, तिचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच पॅडलला जातो. बाकीची सगळी उष्णता होते. म्हणजे जांघेत आणि मांडीत एक लहानसा बॉयलर पेटलेला असतो. अंगाचे तापमान मात्र सदतीस अंशांच्या आसपासच राहिले पाहिजे. हवा थंड असली तर वाऱ्यानेच काम भागते. परंतु कातडीचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवाच चाळीसच्या वर गेली की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. मग घामाची वाफ हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तीस अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला ७० लागतात, म्हणजे ही त्याच्या आठपट झाली. घामाची ताकद एवढी आहे.

या बाबतीत मराठवाड्याचे एक नशीब आहे आणि एक धोकाही. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे घाम झटकन वाळतो. मुंबई-कोकणात पस्तीस अंशांतही माणूस चिकचिकून हैराण होतो, कारण तिथल्या दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही. गळून गेलेला घाम अंग थंड करत नाही. धोका असा, की आपल्याकडे घाम दिसतच नाही. सदरा कोरडाच असतो, म्हणून माणसाला वाटते घाम आला नाही. संध्याकाळी त्याच सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसतात. ते डाग म्हणजे दिवसभराची पावती. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो.

उसाकडे बघा. पानातून पाण्याची वाफ होते म्हणून ऊस वैशाखात तग धरतो. मुळाशी ओल संपली की पाने सुरळी होऊ लागतात. जाणता शेतकरी पान बघूनच पाणी सोडतो, ऊस वाळायची वाट बघत नाही. माणसाच्या अंगाचीही अशी सुरळी होते : लघवी कमी आणि गडद पिवळी होते, डोके दुखते, चिडचिड होते. ज्याला उसाचे पान वाचता येते त्याने आपले अंगही वाचायला शिकावे.

वेळ साधावी

मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो. लातूरला १३-१४ मे आणि नांदेडला १६-१७ मेच्या सुमारास तो दुपारी सव्वाबाराच्या आसपास अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच राहते. त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या वेळी उन्हाचा मारा दर चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास असतो. म्हणजे उघड्या अंगावर शेगडी धरल्यासारखेच. पण हवा सर्वांत जास्त तापते ती त्यानंतर, अडीच ते चारच्या दरम्यान. "ऊन कललं, आता निघावं" म्हणून तीन वाजता सायकल काढणारा फसतो, तो इथेच. डांबर तर साठ अंशांच्या घरात गेलेले असते. वरून ऊन, खालून रस्ता.

म्हणून काम दोन पाळ्यांत बसवावे. पहाटे साडेपाच ते साडेनऊ पहिली पाळी आणि साडेपाचनंतर दुसरी. जाताना चढ असेल तर तो सकाळच्या पाळीतच संपवावा. बालाघाटच्या चढावर सायकल हळू होते, अंगाला वारा लागत नाही आणि कष्ट दुप्पट पडतात. चढाला खाली उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. लातूरचे पठार नांदेडपेक्षा अडीचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे दीड-दोन अंशांचा फरक पडतो आणि रात्री जरा निवतात. गोदाकाठच्या गावांना तेवढीही सवलत नाही. रात्र उकाड्याची गेली आणि झोप झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन जास्त बाधते, हेही ध्यानात ठेवावे.

राहता राहिली बाराची लाईट. तिच्यासाठी माणसाने उन्हात जाण्याऐवजी यंत्राने जावे. मोटारीला ऑटो-स्विच बसवता येतो, मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर मिळतो. ठिबक असेल तर एका पाळीत पाटाचे दारे मोडायला पळावे लागत नाही. ऑटो-स्विच बसवणाऱ्याने एक पथ्य पाळावे : विहिरीवर किंवा डीपीवर कोणी काम करत असताना तो बंद ठेवावा, नाहीतर अचानक मोटार सुरू होऊन अपघात होतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ज्या फीडरवर ती आली तिथे रात्रीची साप-विंचवाची भीती गेली. पण दिवसाच्या विजेने ऊन अंगावर येते. तेव्हा दोन्हीकडून विचार करून, मोटार सुरू करायची सोय सकाळीच करून ठेवावी.

डोके झाकावे, अंग झाकावे

उन्हाळ्यात कपडे कमी घालावेत असे शहरातल्या पोरांना वाटते. सावलीत ते बरोबर आहे, उन्हात नाही. उघड्या हातावर ऊन थेट पडते आणि गरम वाराही थेट लागतो. पूर्ण बाह्यांचा, सैल, पांढरा किंवा फिक्या रंगाचा सुती सदरा आणि त्याखाली वारा खेळायला जागा, हा आपला जुना पोशाखच खरा शास्त्रीय आहे. जुन्या माणसांचा पटका किंवा मुंडासे म्हणजे डोक्यावर बांधलेली गादीच होती; पदरांत हवा राहते, ऊन आत जात नाही. रानाला आपण पाचटाचे आच्छादन का करतो? ओल उडू नये आणि माती तापू नये म्हणून. डोक्याला पटका त्याचसाठी.

आजच्या तरुणाला पटका जमत नसेल तर टोपीखाली ओला रुमाल घ्यावा. पंचा पाण्यात भिजवून, पिळून मानेभोवती टाकावा. आपल्या कोरड्या हवेत त्याचा गुण लगेच येतो. तो अर्ध्या तासात वाळतो, तेव्हा वाटेतल्या हापशावर पुन्हा भिजवावा. ज्या दिवशी आभाळ भरून येते, वळवाआधीचा उकाडा होतो, त्या दिवशी ओल्या पंचाचा फायदा कमी होतो, कारण वाळणेच कमी होते. अशा दिवशी चाल मंद ठेवावी आणि जास्त थांबावे. नायलॉन-पॉलिएस्टरचा जाड, अंगाला चिकटणारा शर्ट मात्र रानात नको. मुलींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळावा, पण नाकावर इतका घट्ट नको की श्वास कोंडेल.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. कांदा भाकरीबरोबर खावा, त्यात पाणी असते आणि जेवणही उतरते. खिशातला कांदा मात्र उन्हाला अडवत नाही. कांद्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरणे, हे खरे नुकसान.

पाणी, मीठ आणि आपली साखर

तहान लागली की पाणी प्यायचे, हा घरातला नियम. सायकलवर तो उशिराचा ठरतो. निघण्याआधी एक-दोन पेले प्यावेत, आणि उन्हात काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला प्यावा. पेला म्हणजे पाव लिटरला थोडा कमी. तासाला दीड लिटरच्या वर मात्र पोटात ओतू नये. नुसतेच पाणी भारंभार प्यायले आणि मीठ गेले नाही तर रक्तातले मीठ पातळ होते आणि त्यानेही चक्कर येते.

तासाभराच्या फेरीला साधे पाणी आणि घरचे जेवण पुरते. त्याहून जास्त वेळ उन्हात घाम गळणार असेल तर मीठ-साखर पाणी घ्यावे. इथे आपल्या साखरेची एक मोठी गोष्ट आहे. १९७१ साली बांगला देशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रोग्यांना तोंडाने पाजले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले गेले. त्यातले मर्म असे, की आतड्यातून मीठ आत जाताना ग्लुकोजचा हात धरून जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. आपली साखर पोटात फुटली की तिचा निम्मा भाग ग्लुकोजच होतो.

घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यावर ढीग नको. चव घेऊन बघावी, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर मीठ जास्त झाले. ते पिऊ नये. त्याच दिवशी संपवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ओ.आर.एस.ची पुडी मिळते, ती याहून चांगली. एक पुडी एक लिटरसाठी असेल तर एकाच लिटरमध्ये घालावी, पेल्यात अर्धी टाकून चालत नाही. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मीठ-साखरेचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

ताक उत्तम. त्यात पाणी आहे, मीठ आपण घालतोच. कैरीचे पन्हे, लिंबू सरबत हीही चांगली. आता उसाच्या रसाविषयी बोलायचे तर आमची जरा अडचण होते, कारण रस हा आपलाच माल. पण खरे तेच सांगितले पाहिजे. रसात साखर शंभराला बारा ते पंधराच्या आसपास असते, ओ.आर.एस.मध्ये दीडच्याही आत. इतका गोड रस पोटात गेला की पाणी रक्तात जायला वेळ लागतो, तहान पुन्हा लागते. तेव्हा रसवंतीवर एक पेला रस जरूर प्यावा. लिंबू पिळावे, चिमूटभर मीठ घालावे, आणि त्यावर दोन पेले पाणी प्यावे. बर्फाची खात्री नसेल तर बिनबर्फाचा मागावा. दारू आणि शिंदी मात्र उन्हात नकोच. शिंदी थंड असते असे कोणी कितीही सांगो, नशा अंगातले पाणी काढते आणि उन्हाची जाणीवही घालवते.

पाणी नेण्यासाठी पूर्वी कॅनव्हासची छागल हँडलला अडकवत. कापडातून पाणी पाझरून वाळे आणि आतले पाणी माठासारखे गार राही. आता छागल क्वचितच दिसते. प्लॅस्टिकच्या बाटलीला ओले फडके किंवा जुना मोजा गुंडाळला तरी तेच काम होते, वारा लागेल अशा जागी ती बांधावी म्हणजे झाले.

सायकलची चाल आणि सायकलची निगा

जोरात हाणले की लवकर पोहोचू आणि ऊन कमी लागेल, असा हिशेब पोरे करतात. ताशी बारा किलोमीटरऐवजी अठराने गेले तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि त्या कष्टाची उष्णता अंगातच साठते. भर उन्हात चाल अशी असावी की शेजारच्याशी बोलता येईल. बोलताना दम लागला तर चाल जास्त आहे असे समजावे.

मागून वारा असला की पॅडल हलके लागते, पण अंग मात्र जास्त उकडते. कारण वारा आणि सायकल एकाच वेगाने चालली की अंगाला वाराच लागत नाही. अशा वेळी वरचेवर सावलीत थांबावे. थांबल्याबरोबर एकदम घाम फुटतो, घाबरू नये. वारा थांबल्यामुळे तो दिसू लागतो. शेवटची दोन-तीन मिनिटे चाल मंद करत आणावी आणि मग उतरावे.

टायरमध्ये हवा कमी असली तर सायकल ओढायला जड जाते आणि ते कष्ट अंगावरच येतात. पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा दुपारच्या रस्त्यावर दहा टक्क्यांपर्यंत जास्त दाब देते, तेव्हा ट्यूब जुनी असेल तर दगडासारखी टणक भरू नये. उन्हात पंक्चरचा ठिगळही सुटतो. म्हणून सायकल नेहमी सावलीला लावावी, सीटवर फडके टाकावे आणि चेनला आठवड्यातून तेल द्यावे. भर माळावर पंक्चर झाले तर सायकल ढकलत नेण्याचा हट्ट धरू नये. झाड गाठावे, ऊन उतरेपर्यंत बसावे. नव्या चौपदरी रस्त्यांवर जुनी वडाची-लिंबाची झाडे फारशी उरली नाहीत, तेव्हा सावली कुठे आहे हे निघण्याआधीच मनात धरून ठेवावे.

अंगवळणी पडायला आठ-दहा दिवस

उन्हाची सवय होते, ही गोष्ट खरी आहे. रोज थोडे थोडे उन्हात काम केले की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जाते. पण सवय एका दिवसात होत नाही. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेला मुलगा पहिल्याच दिवशी दुपारी सायकल घेऊन रानात जातो, तो आजारी पडतो. आजारातून उठलेला माणूसही नवखाच समजावा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम द्यावे आणि रोज थोडे वाढवावे. मजूर लावणाऱ्या सभासदांनी हे जरूर पाळावे. म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी सुटण्याच्या गोळ्या घेणारे यांनी दुपारची सायकल टाळावीच.

ऊन लागल्यावर

पोटरीत-पोटात गोळे येणे, चक्कर, मळमळ, डोके ठणकणे, खूप घाम येऊन गळून जाणे, ही पहिली सूचना आहे. तिथेच उतरावे, सावलीत आडवे व्हावे, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्यावे. "एवढंच अंतर राहिलंय, पोचतो की" म्हणून पुढे जाऊ नये. तासाभरात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठावा.

दुसरी अवस्था खरी जीवघेणी. माणूस असंबद्ध बडबडतो, झोकांड्या खातो, ओळखत नाही, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतो. अंग भट्टीसारखे तापते. घाम असेल किंवा नसेल, त्यावर जाऊ नये. हा उष्माघात. यात एकेक मिनिट मोलाचे. १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नये. सावलीत न्यावे, कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि पुठ्ठ्याने, टॉवेलने, जे सापडेल त्याने वारा घालत राहावे. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघा यांत ठेवावा. शेततळे किंवा पाण्याचा हौद जवळ असेल तर त्याचे पाणी घागरींनी ओतावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुफ्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये. हा तो ताप नव्हे, गोळीने उतरत नाही. आधी थंड करावे, मग हलवावे. गाडीतही ओले कापड आणि वारा चालू ठेवावा.

गावाने करायचे काम

अहमदाबाद शहराने २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसे गमावली आणि २०१३ साली उन्हाचा आराखडा केला. इशारा कोणी द्यायचा, पाणी कुठे ठेवायचे, दवाखान्याने काय तयारी करायची, हे सगळे त्यात आधीच ठरवलेले असते. गावाला एवढा मोठा कागद नको. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. मैदानी भागात पारा चाळीसवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट समजतात. पंचेचाळीस झाला तर सरासरी न बघताच. नारिंगी इशारा आला की सोसायटीच्या फळ्यावर लिहावा, देवळाच्या भोंग्यावरून सांगावा, आणि त्या दिवशीची दुपारची कामे पुढे ढकलावीत.

फाट्यावर रांजण भरून ठेवणे ही आपली जुनी रीत आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे शीख समाजाची ओळख आपल्याला आहेच. गुरू अर्जनदेवांच्या स्मरणार्थ ऐन उन्हाळ्यात वाटसरूंना गोड गार पाणी पाजण्याची छबीलची प्रथा त्यांच्यात आहे. पाणपोई म्हणा की छबील म्हणा, पुण्य सारखेच. प्रत्येक गटात तीन-चार किलोमीटरवर एक झाकलेला रांजण, तोटी आणि ओगराळे असावे. रोज सकाळी तो भरण्याची पाळी ठरवावी. शाळेच्या वाटेवर तर हा रांजण हवाच, कारण दुपारी सुटणाऱ्या शाळेतल्या मुली सायकलवर त्याच उन्हातून घरी येतात. शाळा सकाळची करून घेता आली तर उत्तमच. पावसाळ्यात बांधावर चार झाडे लावताना एखादे लिंबाचे रोप वाटेच्या कडेला लावावे. सावली द्यायला ते काही वर्षे घेईल, पण सायकलवाला तोवर असेलच.

आमच्या बाजूने सांगायचे तर मे महिन्यातल्या शिवारफेऱ्या आणि खोडव्याची पाहणी सकाळी सहा ते साडेनऊमध्येच ठेवावी, असा आमचा आग्रह राहील. सभासदांनीही दुपारी बोलावणे करू नये आणि नोंदीसाठी दुपारी येऊ नये. खोडव्याला पाणी एक दिवस उशिरा मिळाले तर एखादी कांडी आखूड पडेल. पुढच्या पाण्याला ती भरपाई होते. माणसाच्या बाबतीत तशी भरपाई नाही, एवढे ध्यानात ठेवून मृगापर्यंतचे दिवस काढू या.